बालपणातील लैंगिक अत्याचार आणि प्रौढ स्त्रीचे आरोग्य

(रुग्णालयाच्या वार्षिक दिनानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वार्षिक दिनाच्या व्याख्यानासाठी दरवर्षी एखादा आरोग्यविषयक विषय निवडण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मधुमेह, रक्तदाब, लेप्टो, माकडताप हे विषय आपल्या परिचयाचे आहेत आणि त्यांवर बोलताना कोणालाही संकोच वाटत नाही. आज मी ज्या विषयावर बोलणार आहे, त्याचे नाव काढले तरी सभेत चुळबुळ सुरू होते. तरीही विश्वस्त मंडळाने हा विषय मान्य केला, याबद्दल मी प्रारंभीच आभार मानते. लहानपणी ज्या मुलींवर लैंगिक अत्याचार झाले, त्या मोठ्या झाल्यावर त्यांच्या शरीरावर आणि मनावर त्याचे काय परिणाम राहतात, आणि अशा स्त्रीसाठी रुग्णालय म्हणून, कुटुंब म्हणून आपण काय करू शकतो, एवढाच माझ्या बोलण्याचा आवाका आहे.

हा विषय पोलिसांचा आणि न्यायालयाचा आहे, रुग्णालयाचा त्याच्याशी संबंध काय, असा प्रश्न काही जणांच्या मनात येईल. संबंध असा की, अत्याचार झालेली बहुसंख्य मुले पोलीस ठाण्याची पायरी कधीच चढत नाहीत. पण तीच मुलगी पुढे तीस-चाळीस वर्षांची झाली की बाह्यरुग्ण विभागाच्या बाकावर येऊन बसते. केसपेपरवर तिची तक्रार डोकेदुखी, ओटीपोटात दुखणे, झोप न लागणे, छातीत धडधड अशी लिहिलेली असते. मूळ दुखणे मात्र कागदावर कोठेही नसते.

प्रथम या प्रश्नाचे प्रमाण पाहू. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली बालकांवरील अत्याचारांचा एक विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्रासह १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी त्यासाठी बोलणी झाली होती. त्यांपैकी ५३.२२ टक्के मुलांनी लैंगिक अत्याचाराचा कोणता ना कोणता प्रकार अनुभवल्याचे सांगितले. यात सौम्य ते अत्यंत गंभीर असे सर्व प्रकार धरलेले आहेत, हे लक्षात ठेवावे. मुलांचे प्रमाण मुलींपेक्षा कमी नव्हते, हेही त्यातून दिसले. अत्याचार करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे मुलाच्या ओळखीचे किंवा त्याच्यावर विश्वासाचा अधिकार असणारे होते, आणि बहुतेक मुलांनी ही गोष्ट कोणालाही सांगितलेली नव्हती. आपल्या शेजारच्या गोव्यात शाळकरी किशोरवयीन मुलामुलींचा एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यातील ८११ विद्यार्थ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांनी मागील वर्षभरात अशा स्वरूपाचा काही ना काही अनुभव आल्याचे नोंदवले. म्हणजे 'हे मुंबईत होत असेल, आपल्याकडे नाही' असे म्हणण्यास आधार उरत नाही.

प्रौढ स्त्रियांच्या अनुभवाकडे आपल्या देशात लक्ष वेधले गेले ते तुलनेने अलीकडे. दिल्लीत १९९६ साली स्थापन झालेल्या 'राही' या संस्थेने कुटुंबातच अत्याचार सोसलेल्या प्रौढ स्त्रियांसाठी काम सुरू केले. २००० साली पत्रकार पिंकी विराणी यांचे 'बिटर चॉकलेट' हे पुस्तक आले आणि मध्यमवर्गीय घरांतील या प्रकारांची उघड चर्चा होऊ लागली. मुंबईतील 'अर्पण' ही संस्था मुलांबरोबरच प्रौढांनाही समुपदेशन देते. तथापि मुंबईपासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या आपल्या किनाऱ्यावरील स्त्रीपर्यंत ही चर्चा अजून पोहोचायची आहे.

पण प्रश्न नवा आहे असे मात्र नव्हे. बालपणी लादलेल्या गोष्टीचे ओझे स्त्रीने जन्मभर का वाहावे, हा प्रश्न मराठी समाजाने एकोणिसाव्या शतकातच ऐकला आहे. मुंबईच्या रखमाबाई (१८६४–१९५५) यांचे लग्न वयाच्या अकराव्या वर्षी लावून दिले गेले. समज आल्यावर त्यांनी सासरी नांदायला जाण्यास नकार दिला, तेव्हा पतीने १८८४ साली त्यांच्यावर दावा लावला. १८८५ मध्ये रखमाबाईंनी आपले नाव उघड न करता, 'एक हिंदू स्त्री' या अर्थाच्या इंग्रजी सहीने 'टाइम्स ऑफ इंडिया'मध्ये पत्रे लिहिली आणि बालविवाहाने स्त्रीच्या आयुष्याचे काय होते ते मांडले. १८८७ मध्ये न्यायालयाने नांदायला जा अथवा तुरुंगात जा, असा आदेश दिला, तेव्हा त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. १८८८ मध्ये प्रकरण तडजोडीने मिटले. पुढे त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी अनेक वर्षे स्त्रियांवर उपचार केले. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला आणि मुलीचे संमतिवय दहावरून बारावर गेले. तेव्हा आपल्याकडे झालेल्या विरोधाचा एक मुख्य मुद्दा असा होता की, घरातल्या गोष्टीत सरकारने पडू नये. आज सव्वाशेहून अधिक वर्षांनी कायदा कितीतरी पुढे गेला आहे. 'घरातली गोष्ट घरातच राहू दे' हे वाक्य मात्र आपल्या माजघरांत अजून तसेच ऐकू येते.

गोव्यातही असेच घडले. मडगाव येथे मुलांसाठी निवारागृह चालवणाऱ्या फ्रेडी पीट्स याला १९९१ साली अटक झाली आणि आश्रयाला ठेवलेल्या मुलांवरील अत्याचारांबद्दल १९९६ साली त्याला जन्मठेप झाली. प्रतिष्ठित, धर्मादाय काम करणारा म्हणून ओळखला जाणारा माणूस इतकी वर्षे हे करू शकतो, याचा गोव्याला मोठा धक्का बसला. पुढे २००३ साली झालेल्या गोवा बाल कायद्यात बालकांवरील लैंगिक अत्याचारांची स्वतंत्र व्याख्या करण्यात आली. संपूर्ण देशासाठी असा कायदा, म्हणजे ज्याला आपण पॉक्सो म्हणतो तो, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला. या कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही संरक्षण आहे. कपड्यांवरून केलेला स्पर्श हा या कायद्याखालील गुन्हा नाही, असा अर्थ नागपूर खंडपीठाच्या जानेवारी २०२१ मधील एका निकालातून निघत होता. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये तो रद्द केला आणि स्पर्शामागील लैंगिक हेतू महत्त्वाचा, असे स्पष्ट केले.

आता मुख्य विषयाकडे वळतो. मूल लहान असताना त्याच्या शरीराशी असा व्यवहार होतो तेव्हा नेमके काय घडते? संकट आले की शरीर तीनपैकी एक मार्ग धरते: प्रतिकार करणे, पळून जाणे किंवा जागच्या जागी थिजणे. सात-आठ वर्षांच्या मुलीला मोठ्या माणसाशी झगडता येत नाही. त्याच घरात राहायचे असल्यामुळे पळूनही जाता येत नाही. तेव्हा ती थिजते, आणि कित्येकदा तिचे मन जणू शरीर सोडून दूर जाते. छताकडे पाहत राहणे, कौले मोजत राहणे, आपण तेथे नाहीच असे वाटणे, हे मुलीने ठरवून केलेले नसते. तो मेंदूने तिच्या बचावासाठी शोधलेला उपाय असतो. दुर्दैवाने तोच उपाय पुढे सवयीचा होतो. मोठेपणी थोडा ताण आला, कोणी मोठ्याने ओरडले, एखादा विशिष्ट वास आला तरी मन तसेच दूर जाते. घरचे म्हणतात, 'ही मधेच हरवते'. काही स्त्रियांना फिटसारखे झटके येतात, दातखीळ बसते, पण मेंदूचा आलेख अगदी व्यवस्थित निघतो. अशा वेळी आपल्याकडे आधी देवळात कौल लावला जातो, 'बाहेरची बाधा' म्हणून उतारे होतात. माणसांच्या श्रद्धेला मी नावे ठेवत नाही. परंतु त्या स्त्रीच्या अंगात कोणी शिरलेले नसून तिच्या आतली एक जुनी भीती बाहेर येत आहे, ही शक्यताही आपण मनात ठेवायला हवी.

सतत धोक्याच्या छायेत वाढलेल्या मुलाच्या शरीरातील ताणाची यंत्रणा चढत्या पट्टीत लागलेली राहते. ताणाच्या वेळी स्रवणारी संप्रेरके, हृदयाची गती, झोप, पचन, वेदना जाणवण्याची मर्यादा या सर्वांवर त्याचा परिणाम होतो. म्हणून प्रौढपणी दीर्घकाळ टिकणारी डोकेदुखी, कंबरदुखी, पोटाच्या तक्रारी आणि विशेषतः ओटीपोटातील न थांबणारे दुखणे या स्त्रियांमध्ये अधिक आढळते. अमेरिकेत सॅन दिएगो येथे डॉ. व्हिन्सेंट फेलिटी लठ्ठपणावर उपचार करणारे केंद्र चालवत होते. ज्यांचे वजन चांगले उतरत होते असेच काही रुग्ण उपचार सोडून जातात, हे पाहून त्यांनी १९८०च्या दशकात त्यांच्याशी सविस्तर बोलायला सुरुवात केली. त्यांतील अनेकांनी बालपणीच्या लैंगिक अत्याचाराची हकिगत सांगितली. काहींसाठी वाढलेले शरीर हे इतरांची नजर टाळण्याचे साधन होते. यातून फेलिटी आणि डॉ. रॉबर्ट अँडा यांचा सतरा हजारांहून अधिक प्रौढांचा मोठा अभ्यास उभा राहिला. १९९८ साली त्याचे पहिले निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अत्याचार, घरातील हिंसा, व्यसन अशा प्रतिकूल अनुभवांचे चार किंवा अधिक प्रकार ज्यांच्या बालपणी होते, त्यांच्यात नैराश्य, व्यसनाधीनता आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पटींनी अधिक आढळला. हृदयविकारासारख्या शारीरिक आजारांशीही संबंध दिसला. जखम बालपणीची, आजार पन्नाशीतला, असा हा धागा आहे.

आपल्याकडचे दोन अभ्यास येथे आठवणे उपयुक्त होईल. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक आजार होते, पण पूर्वी कधीतरी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरात आठच्या आसपास होत्या. ज्या अवयवाविषयी बोलायचेच नाही, त्याचे दुखणे सोसणे हाच आपल्या स्त्रीचा रिवाज आहे, हे त्या अभ्यासाने जगापुढे आणले. दुसरा अभ्यास गोव्यातील. अंगावरून पांढरे जाण्याची तक्रार करणाऱ्या स्त्रियांचा तेथे मोठ्या प्रमाणावर अभ्यास झाला आणि २००५-०६च्या सुमारास तो प्रसिद्ध झाला. त्या तक्रारीचा संबंध प्रजननमार्गाच्या जंतुसंसर्गापेक्षा नैराश्य, चिंता आणि जीवनातील ताण यांच्याशी अधिक आढळला. या अभ्यासांचा विषय बालपणीचा अत्याचार हा नव्हता. तरीही त्यांतून आपल्यासाठी एक धडा आहे. आपल्या भागातील स्त्री मनाचे दुखणे शरीराच्या भाषेत सांगते. 'जीव घाबरता, काय होता ता सांगूक येणा नाय' असे ती म्हणते, तेव्हा ती टाळाटाळ करत नसते. तिच्याजवळ तेवढेच शब्द असतात.

ही भाषा आपण ऐकली नाही, तर त्याची किंमत तिला मोजावी लागते. सोनोग्राफीवर सोनोग्राफी होते, प्रतिजैविकांचे डोस होतात, आणि अखेरीस पुष्कळदा पस्तिशी-चाळिशीतच 'पिशवी काढून टाका' असा सल्ला मिळतो. खरोखर आवश्यक असेल तेव्हा ती शस्त्रक्रिया करावीच लागते. परंतु दुखण्याचे मूळ पिशवीत नसेल, तर पिशवी गेल्यावरही दुखणे जात नाही.

तपासणीच्या वेळची वागणूकही बरेच काही सांगते. आतील तपासणीला ठाम नकार, हात लावताच अंग लाकडासारखे ताठ होणे, योनिमार्गाचे स्नायू आपोआप आवळले जाणे, दातांच्या खुर्चीत झोपल्यावर घुसमटणे, ही त्याची रूपे होत. नवविवाहितेला पतीचा स्पर्श नकोसा होतो, आणि सासर-माहेर दोन्हीकडे तिलाच दोष दिला जातो. बाळंतपणात कळा सुरू असताना अनोळखी माणसांनी पाय धरणे, 'ओरडू नको, गप पड' असे दरडावणे, हे तिला थेट जुन्या खोलीत नेऊन सोडते. बाळाला पाजतानाही काही जणींना शिसारी येते आणि मग 'मी कसली आई' या विचाराने त्या खचतात. पुढे मुलगी सात-आठ वर्षांची झाली, म्हणजे आईवर जेव्हा तो प्रसंग गुदरला त्या वयाची झाली, की आईचे मन अकस्मात बिघडते. मुलीला ती नजरेआड होऊ देत नाही, अथवा उलट तिच्यापासून दुरावते. वरवर पाहता याचे कारण कोणालाच सापडत नाही.

मनावरील परिणामांत सर्वांत चिवट असते ती लाज. अत्याचार करणाऱ्याने केलेल्या कृत्याची लाज ती मुलगी आपल्या अंगावर घेते. ती का घेते, याचेही कारण आहे. अत्याचार करणारा काका, मामा, आतेभाऊ, शेजारी, शिकवणीचा मास्तर असा घरच्या विश्वासातला असेल, तर 'हा माणूस वाईट आहे' असे मानणे मुलीला परवडत नाही. तिचे जेवणखाण, शाळा, आईचे सुख सारे त्याच घरावर अवलंबून असते. त्यापेक्षा 'मीच वाईट आहे' असे मानणे तिला सोपे जाते. नैराश्य, स्वतःला इजा करणे, माणसांवर विश्वास न बसणे किंवा नको त्या माणसावर चटकन विसंबणे, पुढच्या आयुष्यात पुन्हा हिंसेला बळी पडणे, हे सारे या समजुतीतून फुटलेले फाटे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे जानेवारी २०२२ पासून अमलात आले, जटिल स्वरूपाच्या आघातोत्तर ताण विकाराला स्वतंत्र स्थान मिळाले आहे. भीती आणि जुन्या प्रसंगांचे पुन्हा पुन्हा उसळणे यांच्याबरोबरच स्वतःविषयीची हीन भावना आणि नात्यांतील अडचणी यांचाही त्यात समावेश आहे. आजाराला नाव मिळाले, म्हणजे स्त्रीला 'मी वेडी नाही' असे म्हणण्याचा आधार मिळाला.

आपल्या भागातील मौनाचाही थोडा विचार करू. आपल्याकडे जत्रेत, देवळात देवापुढे मोठ्याने गाऱ्हाणे घालतात. पीक, मासळी, मुंबईला गेलेल्या चाकरमान्याची खुशाली, शेताच्या बांधाचे भांडण, सगळे गावासमक्ष देवाच्या कानावर घातले जाते. या एका गोष्टीचे गाऱ्हाणे मात्र कोणी घातलेले नाही. घरटी एक माणूस मुंबईला, मुले आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे, गणपतीत आणि शिमग्यात भरलेले घर, पडवीत-माजघरात दाटीने टाकलेल्या सतरंज्या, हे आपले जीवन आहे. त्यात पुष्कळ माया आहे. पण मुलाकडे नेमके कोणाचे लक्ष आहे, हे ठरलेले नसते, आणि घराण्याच्या नावाला मुलाच्या शब्दापेक्षा अधिक वजन असते. आता पर्यटनामुळे घरोघरी पाहुण्यांची ये-जाही वाढली आहे. म्हणून सावधगिरीची गरज अधिक आहे. मात्र धोका परक्यांकडूनच असतो असे समजू नये. आकडे काय सांगतात ते मी वर दिलेच आहे.

येथे एक खबरदारीही सांगतो. प्रत्येक ओटीपोटाच्या दुखण्यामागे, प्रत्येक झटक्यामागे असा इतिहास असतो असे मुळीच नाही. शारीरिक कारण आधी नीट तपासलेच पाहिजे. रुग्णाच्या तोंडी आपण शब्द घालायचे नाहीत, 'तुझ्यावर असे काही झालेच असेल' असे सुचवायचे नाही. तसेच, ज्यांच्यावर अत्याचार झाला त्या सर्वांचे आयुष्य उद्ध्वस्त होते, हेही खरे नाही. पुष्कळ स्त्रिया समाधानाने संसार करतात, नोकरी करतात, मुले वाढवतात. लहानपणी सांगितल्यावर एका तरी मोठ्या माणसाने विश्वास ठेवला असेल, तर परिणाम पुष्कळ सौम्य राहतात. आणि लहानपणी मिळाला नाही तो विश्वास चाळिसाव्या वर्षी मिळाला, तरी त्याचा उपयोग होतो.

मग आपण काय करावे? उपचार करणाऱ्यांसाठी काही साध्या गोष्टी सांगतो. तपासणीपूर्वी काय करणार ते सांगून परवानगी घ्यावी. जवळ परिचारिका असावी. 'हात वर केलात की मी थांबेन' असे सांगावे आणि खरोखर थांबावे. सासू किंवा पती सोबत असले, तरी थोडा वेळ रुग्णाशी एकटीने बोलण्याचा नियम सर्वांसाठीच ठेवावा, म्हणजे कोणालाही वेगळे वाटत नाही. दीर्घकाळच्या दुखण्यात सहज विचारावे: 'काही वेळा लहानपणी किंवा नंतर झालेल्या त्रासाचा परिणाम तब्येतीवर होतो. तुमच्या बाबतीत तसे काही असेल आणि सांगावेसे वाटले तर सांगा, नाही वाटले तरी चालेल.' तिने सांगितले, तर तपशील खोदून विचारू नयेत. 'तुम्ही सांगितलेत हे बरे केलेत. यात तुमचा काहीही दोष नाही.' ही दोन वाक्ये पहिल्या भेटीत पुरेशी आहेत. 'इतकी वर्षे का बोलला नाहीत?' हा प्रश्न कधीही विचारू नये. नोंद अशी ठेवावी की केसपेपर घरच्यांच्या हाती पडला तरी तिची अडचण होणार नाही. गाव लहान आहे. येथे गुप्तता पाळणे हा औषधोपचाराचाच भाग आहे.

पुढचे उपचार टप्प्याटप्प्याने होतात. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ साली मांडलेली मांडणी आजही उपयोगी आहे: प्रथम सुरक्षितता, नंतर आठवणींना सामोरे जाणे आणि दुःख करणे, शेवटी माणसांशी पुन्हा नाते जोडणे. हा क्रम उलटा करू नये. झोप, जेवण, घरातील सुरक्षितता यांची घडी बसण्याआधीच सगळे उकरून काढले, तर स्त्री अधिक खचते. प्रशिक्षित समुपदेशकाकडून आघातावर केंद्रित मानसोपचार, गरजेप्रमाणे नैराश्यावरील औषधे आणि नियमित भेटी यांनी सुधारणा होते. वर्षानुवर्षे केवळ झोपेच्या गोळ्यांवर ठेवणे हा उपचार नव्हे. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली महानगरपालिका आणि 'सेहत' या संस्थेने 'दिलासा' केंद्र सुरू केले आणि सार्वजनिक रुग्णालयातच हिंसापीडित स्त्रीला आधार देता येतो, हे दाखवून दिले. ज्यांना प्रवास शक्य नाही, त्यांच्यासाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली 'टेलिमानस' ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही उपलब्ध आहे.

आता सर्वांत कठीण प्रश्न. समजा, एखादी पस्तीस वर्षांची स्त्री आपल्या लहानपणची हकिगत सांगते, आणि बोलता बोलता कळते की तोच माणूस आजही त्या घरात आहे आणि घरात आठ वर्षांची पुतणी आहे. अशा वेळी काय करायचे? स्वतःवर पूर्वी झालेल्या अत्याचाराची तक्रार करावी की नाही, हा त्या प्रौढ स्त्रीचा स्वतःचा निर्णय आहे. त्यासाठी तिच्यावर दबाव आणू नये. पुष्कळ वर्षे लोटली म्हणून गंभीर गुन्ह्याची तक्रार करण्याचा मार्ग बंद होत नाही, एवढे मात्र तिला अवश्य सांगावे. परंतु आज एखाद्या बालकावर अत्याचार झाला आहे किंवा होण्याची शक्यता आहे असे कळले, तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे प्रत्येक व्यक्तीवर बंधनकारक आहे, आणि अत्याचार घडल्याचे माहीत असूनही न कळवणे हा दंडनीय गुन्हा आहे. मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक कोणालाही लावता येतो. म्हणून समुपदेशनाच्या आरंभीच, तिने काही सांगण्यापूर्वी, गुप्ततेची ही मर्यादा तिला प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. कित्येकदा स्वतःसाठी तीस वर्षे तोंड न उघडलेली स्त्री त्या लहानगीसाठी बोलायला उभी राहते. त्या वेळी तिला एकटी पडू न देणे, ही आपली जबाबदारी आहे.

शेवटी घरातील माणसांना, विशेषतः आयांना आणि पतींना दोन शब्द. आपली लेक, बहीण किंवा पत्नी इतक्या वर्षांनी हे सांगू लागली, तर 'आता कशाला काढतेस', 'तो आता म्हातारा झाला', 'चार लोकांत शोभा होईल' असे म्हणू नका. बाई, मी तुझ्यावर विश्वास ठेवते, एवढेच म्हणा. पतीने हा आपला अपमान समजू नये आणि पत्नीच्या नकाराला धीराने वेळ द्यावा. मुलांना शरीराच्या सर्व अवयवांची नावे सांगा, नको असलेल्या स्पर्शाला नाही म्हणण्याचा हक्क द्या, आणि एखाद्या नातेवाइकाच्या मांडीवर बसायला मूल तयार नसेल तर त्याला बळेच बसवू नका.

विश्वस्त मंडळापुढे दोन नम्र विनंत्या ठेवून मी थांबते. बाह्यरुग्ण विभागात दार लावून बोलता येईल अशी एक लहान खोली असावी, आणि दोन परिचारिकांना या कामाचे रीतसर प्रशिक्षण मिळावे. यासाठी मोठे यंत्र लागत नाही, मोठा निधीही लागत नाही. ज्या स्त्रिया आज बाकावर बसून आपला नंबर येण्याची वाट पाहत आहेत, त्यांपैकी कोणाला काही सांगायचे असेल, तर ते सांगण्यासाठी या इमारतीत एक जागा आहे हे त्यांना कळावे, एवढाच यामागील हेतू आहे.